सहा कॉम्प्युटर, सहा तऱ्हेची विंडोज: अपडेट बंदच करून टाकू का?

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. गांधीबागेत माझं छोटंसं टॅक्सचं ऑफिस आहे, जीएसटी, टीडीएस, रिटर्न हेच काम. सहा कॉम्प्युटर आहेत. एक माझा नवा लॅपटॉप, चार बर्डीवरच्या एकाच दुकानातून घेतलेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप आणि एक दारापाशी जुना असेम्बल केलेला, विंडोज १० चा. चारपैकी एकावर टॅलीचा डेटा आहे, दोघांवरून पोरं तो शेअर फोल्डर उघडून काम करतात, चौथा स्कॅन-प्रिंटचा. आता झालं असं की लॅपटॉपवर २५एच२ आलं, तिघांवर २४एच२ आहे, चौथा २३एच२ वरच अडकला आणि वरून 'यू आर अप टू डेट' दाखवतो. जुन्यावर अपडेट सुरूच होत नाही, एरर येते, त्याची तारीखही रोज चुकते. त्यात मधल्या एका अपडेटनंतर पोरांचे दोन्ही कॉम्प्युटर शेअर फोल्डरला पासवर्ड मागून राहिले, बरोबर टाकला तरी चुकीचा म्हणतात, लॅपटॉपवरून मात्र तोच पासवर्ड चालतो. भाचा म्हणतो मामी, सगळ्यांचे अपडेट बंद करून टाकू, जो अपडेट झाला नाही तोच सुरळीत चालून राहिला. २० तारीख जवळ आली की माझं डोकंच चालत नाही. काय करू?"
एक वाचक, गांधीबाग, नागपूर

नमस्कार ताई,

सगळ्यात आधी भाच्याला थांबवा. पोरगा चौकस दिसतो, त्यानं जे पाहिलं ते खरंही आहे, पण त्यातून काढलेला अर्थ उलटा आहे. तो चौथा कॉम्प्युटर सुरळीत चालतो असं वाटतं कारण त्याच्याकडून तुम्ही स्कॅन आणि प्रिंटशिवाय काही मागतच नाही, त्याला शेअर फोल्डर उघडायचा नसतो म्हणून त्याची परीक्षाच होत नाही. आणि त्याच्यावर विंडोज ११ चं जे २३एच२ व्हर्जन आहे ना, त्याच्या होम आणि प्रो दोन्ही एडिशनचे सिक्युरिटी अपडेट ११ नोव्हेंबर २०२५ ला संपले. म्हणजे लोकांचे पॅन कार्ड, आधार, बँकेचे स्टेटमेंट स्कॅन होऊन ज्या मशीनवर पडतात, नेमक्या त्याच मशीनमध्ये नवीन सापडलेली भोकं आता कोणी बुजवत नाही. लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवून कागद दिलेत, टॅक्सच्या ऑफिसात हे चालण्यासारखं नाही. अपडेट बंद करणं हा इलाज नाही, हे मी अगदी ठामपणे सांगतो.

दुसरं म्हणजे, तुम्हाला वाटतंय की एकच काहीतरी बिघडलंय आणि ते सापडलं की सहाही जागेवर येतील. तसं नाहीये. तुमच्याकडे वेगवेगळ्या चार गोष्टी एकाच वेळी होऊन राहिल्या आणि चारही अपडेटच्या नावावर खपून राहिल्या. त्यातली एक तर बिघाडच नाही. म्हणून सगळ्यांना एकच औषध देऊ नका, मशीनवार पाहा.

त्यासाठी एक कागद घ्या. प्रत्येक मशीनवर विंडोजचं बटन आणि आर सोबत दाबा, छोटी चौकट येते, त्यात विनव्हर टाइप करा, स्पेलिंग डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर, आणि एंटर. व्हर्जन आणि बिल्ड असे दोन आकडे दिसतील, दोन्ही लिहा, बिल्डमधला टिंबानंतरचा आकडा सोडू नका, खरा कामाचा तोच आहे. मग सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउटमध्ये जाऊन प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि एडिशन होम आहे की प्रो ते लिहा. मग विंडोज अपडेटच्या हिस्टरीत शेवटचं यशस्वी अपडेट कोणत्या तारखेचं, फेल झालं असेल तर केबीचा नंबर, म्हणजे त्या अपडेटचा नंबर, आणि एरर कोड. पोरं मोबाइलवर फोटो काढतील, काढू द्या, पण नंतर ते एका पानावर उतरवून घ्या, सहाही मशीन शेजारी शेजारी दिसल्याशिवाय फरक डोळ्यात भरत नाही. ही अर्ध्या तासाची मेहनत आहे आणि याच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होईल.

लॅपटॉपवर २५एच२ आणि बाकी तिघांवर २४एच२, ही ती बिघाड नसलेली गोष्ट. २५एच२ हे ३० सप्टेंबर २०२५ ला आलं पण ते २४एच२ च्या वरच बसतं, आतला माल तोच, आधीच उतरलेल्या काही गोष्टी चालू करणारं छोटं पॅकेज फक्त. म्हणून दोघांना दर महिन्याचं अपडेट एकच येतं. नोव्हेंबर २०२५ चं अपडेट बसल्यावर २४एच२ वर २६१००.७१७१ दिसायचं आणि २५एच२ वर २६२००.७१७१, म्हणजे टिंबाच्या आधीचं वेगळं, नंतरचं सारखं. टिंबानंतरचा आकडा जुळला की सुरक्षेच्या बाबतीत दोन्ही मशीन बरोबरीच्या. नवीन व्हर्जन मायक्रोसॉफ्ट सगळ्यांना एका दिवशी देत नाही, टप्प्याटप्प्यानं देते, आणि 'गेट द लेटेस्ट अपडेट्स' वालं बटन ज्याचं चालू त्याला आधी मिळतं, एखाद्या ड्रायव्हरशी भांडण होणार असं आढळलं तर तेवढ्या मशीनसाठी रोखूनही धरते. २४एच२ च्या होम-प्रोला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट आहेत, येईल तेव्हा येऊ द्या, त्याच्यासाठी कोणाला पैसे देऊन बोलवू नका.

आता तो अडकलेला चौथा. कॅबिनेट चारही सारखे असतील, समोरचा स्टिकरही सारखाच असेल, पण तुमच्या कागदावर प्रोसेसरच्या रकान्यात पाहा. माझा अंदाज आहे की तिघांवर आय५-८५०० सारखं काही असेल आणि याच्यावर आय५-७५००. डॅशनंतरचा पहिला आकडा म्हणजे पिढी. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते, मोजके अपवाद सोडले तर सातवी यादीत नाही, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि सिक्युअर बूट लागतं. पण रिफर्बिश्डच्या धंद्यात काय करतात, एका मशीनवर तपासणी चुकवून विंडोज ११ टाकतात, तिची एक इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, बनवतात आणि तीच सगळ्यांवर उतरवतात, मग सातव्या पिढीचा डबाही विंडोज ११ म्हणून विकला जातो. असा कॉम्प्युटर महिन्याचे अपडेट काही काळ घेत राहतो, पण पुढचं व्हर्जन त्याला विंडोज अपडेटमधून दिलंच जात नाही. मग तो 'यू आर अप टू डेट' म्हणतो, म्हणजे याला द्यायचं होतं तेवढं देऊन झालं, आता याच्यासाठी काही शिल्लक नाही. त्यातून तुमची विंडोज ताजी आहे असा अर्थ निघत नाही.

प्रोसेसर आठव्या पिढीचाच निघाला तर मात्र वेगळं पाहावं लागेल. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये खाली 'कॉन्फिगर्ड अपडेट पॉलिसीज' असतं, तिथे काही लिहिलेलं दिसलं किंवा वर 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' अशी ओळ दिसली तर समजा की जुन्या कंपनीची नाहीतर दुकानदाराची सेटिंग आत राहून गेली आहे, कोणत्या व्हर्जनवर थांबायचं तेसुद्धा अशा पॉलिसीनं ठरवता येतं. सी ड्राइव्हवरची जागाही बघून घ्या, स्कॅन करून करून ती भरली असेल आणि हिस्टरीत ०एक्स८००७००७० हा कोड असेल तर तो निव्वळ जागेचा आहे.

सातवी पिढी असेल तर जबरदस्तीनं २४एच२ चढवू नका. चढतं, नेटवर उपाय ढिगानं पडलेत, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि पुढच्या वर्षी तुम्ही परत इथेच याल. बिल घेऊन दुकानात जा, विंडोज ११ चालणारा म्हणून विकला होता नं, मग बदलून द्या म्हणा, गोड बोलून पण ठाम राहून. तोवर स्कॅनर दुसऱ्या मशीनला जोडा आणि याचं नेट काढून ठेवा.

आता येतो खऱ्या दुखण्यावर, कारण तुमचं काम अडलंय ते पासवर्डमुळे. बरोबर पासवर्ड चुकीचा म्हणणं, तेही फक्त रिफर्बिश्डवरून, आणि लॅपटॉपवरून तोच पासवर्ड चालणं, एवढ्या माहितीवरून मला जवळपास खात्री आहे की हे वर सांगितलेल्या त्या एकाच इमेजचं प्रकरण आहे. विंडोज बसवताना प्रत्येक मशीनला स्वतःची एक ओळख मिळते, तिला एसआयडी म्हणतात. इमेज नीट बनवायची तर आधी सिसप्रेप नावाचं मायक्रोसॉफ्टचंच टूल चालवावं लागतं, ते ही ओळख पुसतं आणि नव्या मशीनवर नवीन तयार होते. घाईत ते कोणी करत नाही, मग चारही मशीन एकाच ओळखीच्या, एकाच पॅन नंबरवर चार माणसं रिटर्न भरून राहिले तसं. इतके दिवस ते खपलं. २९ ऑगस्ट २०२५ आणि त्यानंतरच्या अपडेटनी २४एच२ आणि २५एच२ मध्ये ही तपासणी कडक केली, दोन मशीन एकमेकींशी बोलताना ओळख सारखी निघाली की लॉगिन नाकारलं जातं, शेअर फोल्डर असो नाहीतर रिमोट डेस्कटॉप. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्वतः सांगितलं की हे मुद्दाम केलं आहे. म्हणजे पुढच्या अपडेटमध्ये आपोआप बरं होईल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. लॅपटॉप त्या इमेजचा नाही, त्याची ओळख वेगळी, म्हणून तो बिनधास्त आत जातो.

माझ्या शब्दावर जाऊ नका, दोन मिनिटांत तपासता येतं. डेटावाल्या मशीनवर आणि पोराच्या एका मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, त्यात हूॲमआय टाइप करा, स्पेलिंग डब्ल्यू-एच-ओ-ए-एम-आय, मग स्पेस, स्लॅश आणि यूझर. समोर एस-१-५-२१ नं सुरू होणारी लांबलचक ओळ येईल, तिच्यात त्या २१ नंतर तीन मोठे आकडे असतात आणि शेवटी १००१ असा छोटा आकडा. शेवटचा छोटा सोडून द्या, मधले तीन मोठे आकडे दोन्ही मशीनवर शब्दशः सारखे निघाले तर निदान पक्कं. आणखी खात्री हवी असेल तर डेटावाल्या मशीनच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉगमध्ये ६१६७ नंबरची नोंद शोधा, त्यात मशीन आयडी जुळत नाही अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असतं.

इलाज म्हणजे स्वच्छ इन्स्टॉलेशन. नेटवर ओळख बदलून देणारे फुकट टूल मिळतात, त्यांना हात लावू नका, मायक्रोसॉफ्ट त्यांना मानत नाही आणि आतून काय काय विस्कटेल ते महिन्याभरानं कळतं. पण चारही मशीन एका दिवशी फॉरमॅट करायची गरज नाही, ही चांगली बातमी. भांडण फक्त एकमेकींशी बोलणाऱ्या दोन सारख्या मशीनमध्ये होतं. पोरांच्या दोन मशीन आपसात काही देवाणघेवाण करत नाहीत, दोघीही डेटावाल्या मशीनकडेच जातात. म्हणून फक्त ती एक डेटावाली नव्यानं केली, तिला नवीन ओळख मिळाली, की दोघांचं काम सुरू होईल. बाकीच्या सवडीनं एकेक करा, पण कराच.

तिला हात लावायच्या आधी मात्र दम धरा. टॅलीचा डेटा दोन ठिकाणी कॉपी करा, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक लॅपटॉपवर, आणि लॅपटॉपवरच्या कॉपीतून एखाद्या पार्टीचं लेजर उघडून पाहा, कॉपी झाली म्हणजे उघडतेच असं नाही. टॅलीचं लायसन्स त्या मशीनवर असेल तर टॅलीतूनच ते सरेंडर करा, हे बहुतेक जण विसरतात आणि मग फॉरमॅटनंतर लायसन्स दुसऱ्या मशीनवर चालू आहे असं सांगून ते अडून बसतं. डीएससी टोकनचा, म्हणजे डिजिटल सहीच्या टोकनचा, ड्रायव्हर, प्रिंटरचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. कॉम्प्युटरचं नाव आणि शेअर फोल्डरचं नाव लिहून ठेवा, नव्या विंडोजवर तीच नावं द्या म्हणजे पोरांच्या टॅलीतला डेटाचा पत्ता बदलावा लागणार नाही. आणि सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन पाहा, तिथे डिजिटल लायसन्सनं ॲक्टिव्हेट झालंय असं लिहिलेलं असेल तर तीच एडिशन टाकल्यावर नेट लागताच आपोआप ॲक्टिव्हेट होईल. वेगळंच काही असेल, कुठल्यातरी संस्थेची ॲक्टिव्हेशन सर्व्हिस वगैरे, तर विंडोज अस्सल नाही असं धरून चाला आणि हाही मुद्दा दुकानदारापुढे ठेवा.

इन्स्टॉलेशन मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या मीडिया क्रिएशन टूलनं बनवलेल्या पेनड्राइव्हवरूनच, ८ जीबीचा पुरतो. दुकानदाराचा तयार पेनड्राइव्ह नको, नाहीतर तीच इमेज परत येऊन बसेल. नव्यानं २४एच२ किंवा त्याच्या पुढचं टाकताना मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं तर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होऊ शकते, तिची रिकव्हरी की त्या अकाउंटमध्ये जाते, ती कागदावर उतरवून तिजोरीत ठेवा. आणि शेअर फोल्डरला पोरांच्या नावानं यूझर आणि पासवर्ड द्या. पूर्वीसारखं 'एव्हरीवन' करून बिनपासवर्डचं गेस्ट शेअरिंग आता प्रो एडिशनला २४एच२ पासून मुळातच बंद आहे, कोणी रजिस्ट्रीत बदल करून ते चालू करून देतो म्हणाला तर नको म्हणा.

२० तारीख अगदी दोन दिवसांवर असेल आणि हे सगळं आत्ता शक्य नसेल तर तोवरचा मार्ग सांगतो. टॅलीत प्रत्येक कंपनीचा डेटा वेगळ्या नंबरच्या फोल्डरमध्ये असतो. कंपन्या वाटून द्या, एका पोराला या पार्ट्या, दुसऱ्याला त्या, ज्याचे फोल्डर त्याच्याच मशीनवर, आणि त्या कंपन्यांना मुख्य मशीनवरून तेवढे दिवस कोणीच हात लावायचा नाही. एकाच कंपनीची एन्ट्री दोन ठिकाणी झाली की ती जुळवताना रात्र जाईल, म्हणून वाटणी कागदावर लिहून भिंतीला लावा.

जुन्या असेम्बल मशीनचं दुखणं साधं आहे. रोज तारीख चुकते म्हणजे मदरबोर्डवरची चपटी बॅटरी संपली, सीआर२०३२ नंबरची, घड्याळाच्या दुकानातही मिळते. तारीख चुकीची असली की विंडोज अपडेटच्या सर्व्हरशी सुरक्षित कनेक्शनच होत नाही कारण सर्टिफिकेटची मुदत त्या चुकीच्या तारखेशी ताडून पाहिली जाते, जीएसटीचं पोर्टल उघडताना ब्राउझर 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' म्हणत असेल तर तेही त्याच्याचमुळे. मेन बंद करा, वायर काढा, बॅटरी बदला, तारीख-वेळ लावा, मग अपडेट करून पाहा.

पण त्याचा पुढचा प्रश्न बॅटरीनं सुटत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढचे सिक्युरिटी अपडेट हवे असतील तर ईएसयू, म्हणजे सपोर्ट संपल्यानंतरच्या अपडेटची वेगळी योजना, घ्यावी लागते आणि त्यासाठीही आधी २२एच२ व्हर्जन लागतं. घरगुती ईएसयू १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, पण ते घरच्या वापरासाठी, ऑफिससाठी वेगळं आहे, एका मशीनला पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. एवढ्या जुन्या डब्यावर हा खर्च मी करणार नाही. पत्रं टाइप करायला, कव्हरवर पत्ते छापायला ठेवा, नेट काढून टाका, आणि त्याच्यावरून रिटर्न भरणं, बँक उघडणं, डीएससी लावणं आजपासून बंद.

आता एक गोष्ट जी तुम्ही लिहिली नाही पण मी विचारतो. संध्याकाळी ऑफिस बंद करताना मेन स्विच पाडता का? गांधीबाग-इतवारीच्या दाटीत बहुतेक जण पाडतात आणि शॉर्ट सर्किटची भीती पाहता ते बरोबरच आहे. पण महिन्याचं मोठं अपडेट येतं ते दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेतल्या सकाळी, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला. तेव्हा तुमच्या मशीन बंद. बुधवारी सकाळी सगळ्या एकदम सुरू होतात, एकाच लाइनवर ओढाताण, त्यात क्लायंट समोर बसलेला, मग कोणी तरी 'लेटर' दाबतो. मायक्रोसॉफ्टनं स्वतःच्या आकडेवारीवरून सांगितलंय की अपडेट आल्यावर मशीन सलग निदान २ तास आणि एकूण निदान ६ तास सुरू आणि नेटवर असेल तरच ते भरवशानं बसतं. तुमच्यासारख्या ऑफिसात मशीन मागेपुढे राहतात त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं, कोणाला ते ६ तास मिळाले, कोणाला नाही.

त्यातच शट डाउनचा गैरसमज. पोरं म्हणतील आम्ही रोज बंद करतो. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, सीपीयू, खाली 'अप टाइम' दिसेल. रोज बंद होणाऱ्या मशीनवरही तिथे कितीतरी दिवस दिसतात, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, झोपवून ठेवला जातो. अपडेट पूर्ण व्हायला रीस्टार्टच लागतो, नाहीतर पॉवर मेनूतला 'अपडेट अँड शट डाउन' हा पर्याय. आणि लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवत असाल तर ते कनेक्शन मीटर्ड, म्हणजे डेटा जपून वापरायचं, असं लावलेलं आहे का पाहा, मीटर्डवर विंडोज सहसा अपडेट आपणहून उतरवत नाही.

तुमच्या कामात तारखांचाही मेळ घालावा लागेल. दुसरा मंगळवार ८ ते १४ च्या मध्येच येतो, म्हणजे ११ तारखेच्या जीएसटीआर-१ रिटर्नच्या अगदी अंगावर, आणि मागोमाग २० ला जीएसटीआर-३बी. या दिवसांत सगळ्या मशीनवर एकदम नवीन काही येऊ देणं धोक्याचं आहे आणि कायमचं बंद ठेवणं त्याहून. म्हणून असं करा. पोरांच्या दोनपैकी एक मशीन पुढची ठरवा, तिच्यावर अपडेट आलं की लगेच घ्या. लॅपटॉप यासाठी नको, त्याचं व्हर्जन वेगळं आणि टॅली-प्रिंटर-टोकन रोज त्याच्यावर चालत नाही, तिथे सगळं ठीक दिसूनही बाकीच्यांवर अडू शकतं. पुढच्या मशीनवर अपडेटनंतर चार गोष्टी लगेच करून पाहा: शेअर फोल्डर उघडतो का, प्रिंट निघते का, टोकननं सही होते का, पोर्टल उघडतं का. बाकीच्यांवर महिन्याच्या सुरुवातीलाच 'पॉज' लावा, ५ आठवड्यांपर्यंत लावता येतं, आणि २० नंतरच्या पहिल्या शनिवारी सकाळी पॉज काढून सगळ्या एकत्र अपडेट करा, कोणीतरी तिथे बसून, रीस्टार्ट होऊन विनव्हरचा आकडा कागदावर चढेपर्यंत. एखाद्या महिन्यात चालू हल्ल्यामुळे तातडीचं अपडेट आल्याची बातमी आली तर मात्र २० ची वाट पाहू नका.

ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन आहे, तिथे फक्त आपल्या लोकल नेटवर्कवरच्या मशीनकडून घ्यायचा पर्याय चालू ठेवा, एका मशीननं उतरवलेलं बाकीच्या तिच्याकडून घेऊ शकतात, तुमची लाइन वाचते. आणि एप्रिल-मेमध्ये हे काम दुपारी काढू नका. ४५ डिग्रीत सगळ्या मार्केटचे कूलर सुरू असतात, व्होल्टेज नाचतं, अपडेट चालू असताना लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी थकलेली असली तर मशीन अर्ध्यावर अडकते. सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या करा.

या महिन्यात क्रम असा धरा: आजच कागद भरा आणि त्या दोन मशीनचे एसआयडी ताडून पाहा, उद्या जुन्याची बॅटरी, स्कॅनरची जागा बदला, आणि २० नंतरच्या शनिवारी डेटावाली मशीन. एसआयडीचे मधले आकडे वेगळे निघाले तर फॉरमॅट करू नका, मग कारण दुसरं आहे, मला डेटावाल्या आणि पोराच्या मशीनचे विनव्हरचे फोटो, अपडेट हिस्टरी आणि पासवर्ड नाकारताना येणारा संदेश जसाच्या तसा पाठवा, त्यावरून पुढचं पाहू.